अडुळसा घरी वापरताना: ओळख, रस, काढा आणि कुणी घेऊ नये

पावसाळा सरला की घराघरांत खोकला सुरू होतो आणि कुणीतरी सांगतं, "अंगणात अडुळसा आहे ना, चार पानं उकळून घे." सल्ला चांगलाच आहे. पण पानं कुठली घ्यायची, पाणी किती, किती दिवस प्यायचं, आणि घरातल्या कुणाच्या हातात तो पेला देऊच नये, हे त्या एका वाक्यात येत नाही. आजी-पणजीच्या काळी ते वेगळं सांगावं लागत नसे, कारण काढा करणारी बाई समोर असायची. आता फांदी शेजारच्या सोसायटीतून येते आणि कृती मोबाईलवर. म्हणून ज्यांनी अडुळसा कधीच वापरलेला नाही, त्यांच्यासाठी हे सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. अडुळसा हे खरोखरचं औषध आहे. त्याच्या पानात व्हॅसिसीन नावाचं अल्कलॉइड असतं. ते श्वासनलिका सैल करतं आणि चिकट कफ पातळ व्हायला मदत करतं. डॉक्टर कफासाठी लिहून देतात ते ब्रोमहेक्सिन याच व्हॅसिसीनच्या रचनेवरून १९६० च्या दशकात तयार झालं. आज पुष्कळ कफ सिरपच्या बाटल्यांवर दिसणारं अँब्रोक्सॉल हे त्या ब्रोमहेक्सिनचंच पुढचं रूप. म्हणजे परसातल्या झुडपाचं आणि मेडिकलमधल्या बाटलीचं नातं सख्खं आहे. ज्यात गुण आहे त्याला मात्रा असते, पथ्य असतं, आणि काही माणसांना ते चालत नाही. हे मान्य असेल तर पुढे वाचा.

आधी झाड नीट ओळखा

अडुळसा हे आपल्या उपखंडातलंच सदाहरित झुडूप. शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. जुन्या पुस्तकांत अधाटोडा व्हॅसिका असं सापडेल. संस्कृतात वासा, वासक किंवा वृष. कोकणात, देशावर, विदर्भात, गोव्यात, सगळीकडे ते कुंपणाला लावलेलं दिसतं, कारण गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. उंची साधारण माणसाइतकी, कधी त्याहून थोडी जास्त.

पानं समोरासमोर जोडीने येतात. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, कडा अखंड, कुठेही दाते नाहीत. वाढलेलं पान वीतभर लांब होतं. ताजं पान चुरगळून नाकाशी धरलं की एक उग्र, जरासा नकोसा वास येतो. पानाचा कण जिभेवर ठेवला तर कडू चव बराच वेळ जात नाही. खोडावर जिथून पानं फुटतात तो पेरा जरा फुगीर असतो.

खात्री हवी असेल तर फुलं येईपर्यंत थांबा. हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांना आखूड, दाट तुरे येतात. प्रत्येक फुलाखाली हिरवं छदपान असतं आणि ही छदपानं एकावर एक चढलेली दिसतात. त्यांतून पांढरं, दोन ओठांचं फूल बाहेर येतं. खालच्या ओठाचे तीन भाग असतात आणि त्यावर जांभळट-गुलाबी रेघा उमटलेल्या असतात. आतून फक्त दोन पुंकेसर डोकावतात. फूल अलगद उपसून मागच्या टोकाने चोखलं तर मधाचा एक थेंब जिभेवर येतो. खेड्यात वाढलेल्या पुष्कळांनी शाळेच्या वाटेवर हे केलेलं असतं. तुरे फुलले की भुंगे आणि मधमाश्या दिवसभर त्यांच्यावर असतात.

घोटाळा होतो तो मुख्यतः काळ्या अडुळशाशी. तो याच्याच गोत्रातला, जस्टिशिया जेंडारुसा. त्याची खोडं बारीक आणि जांभळट-काळसर, पानं अरुंद, मधली शीर पुष्कळदा गडद. त्याचे उपयोग वेगळे आहेत, मात्रा वेगळी आहे. या लेखातलं काहीही त्याला लावू नका. बाजारात वाळलेल्या पानांचा चुरा किंवा पूड घेतली तर ओळखायला हातात काहीच उरत नाही, आणि महारुखाची पानं अडुळसा म्हणून खपवली जाणं हा या व्यापारातला जुना दोष आहे. नवख्याने पुडीतली पूड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झाड स्वतः ओळखता येत नसेल तर गावातल्या वैद्यांना किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला तरी फांदी दाखवा. फोटोवरून "हो, हाच" असं सांगणाऱ्या अॅपवर पोटात जाणारं औषध ठरवू नका.

कुणाला द्यायचा नाही, हे पातेलं चढवण्याआधी ठरवा

कृतीच्या आधी हा भाग मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे काढा एकट्यासाठी होत नाही. एक मोठं पातेलं चढतं आणि "घे, तूही घोटभर घे" म्हणत घरभर फिरतं.

गर्भवती बाईने अडुळसा घ्यायचा नाही. थोडासाही नाही, पहिल्या महिन्यात नाही आणि आठव्यातही नाही. व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचं आकुंचन होतं. बाळंतपण लवकर व्हावं म्हणून सुईणी पूर्वी अडुळसा वापरत, ते याच गुणामुळे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० आणि ८० च्या दशकांत व्हॅसिसीनच्या गर्भाशयावरच्या परिणामाचा सविस्तर अभ्यास झाला, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भपात होऊ शकतो असं दिसलं. त्यामुळे दिवस गेले आहेत असं नक्की माहीत असलेल्या बाईपुरतंच हे नाही. पाळी चुकली आहे, मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू आहेत, कुणाला सांगितलेलं नाही, अशा लेकीसुना प्रत्येक घरात असतात. त्यांच्यावर सासूबाईंनी किंवा आईने प्रेमाने आग्रह केला की नाही म्हणणं कठीण जातं. म्हणून घरात काढा करणाऱ्यानेच आधी जाहीर सांगावं: "हा अडुळशाचा आहे, दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तिने घ्यायचा नाही. तुळस-आल्याचा वेगळा ठेवलाय." असं सांगितलं की कुणाला काही उघड करावं लागत नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईनेही वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाच वर्षांखालच्या मुलांना घरच्या घरी अडुळसा देऊ नका. एवढ्या जीवाची मात्रा अंदाजाने ठरवता येत नाही, आणि या वयात खोकल्यामागे न्यूमोनिया असेल तर एकेक दिवस मोलाचा असतो. एक वर्षाखालच्या बाळाला तर मधाचं बोटही चाटवायचं नाही, मग त्यात अडुळसा असो वा नसो. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यांना वाढायला वाव मिळतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, रक्तदाबाची औषधं चालू असतील, दम्यासाठी थिओफिलिन गटातली गोळी असेल, क्षयाचा उपचार चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. "घरगुतीच आहे" म्हणून ते लपवू नका. ऑपरेशन ठरलेलं असेल तरी हेच. आणि घरात आधीच अँब्रोक्सॉल किंवा ब्रोमहेक्सिनचं सिरप चालू असेल तर त्यावर अडुळसा चढवण्यात काही अर्थ नाही. एकाच जातीची दोन औषधं एका वेळी पोटात जातात.

कोणत्या खोकल्याला

घशात-छातीत चिकट कफ अडकला आहे, खोकून खोकून सुटत नाही, सर्दी होऊन तीन-चार दिवस झाले आहेत, ताप नाही किंवा उतरला आहे, दम लागत नाही. अडुळसा इथे खरा कामाला येतो. आयुर्वेदात तो कडू-तुरट, थंड आणि कफ-पित्त कमी करणारा मानला आहे. पिवळट, दाट बेडका पडतो आणि घशाशी जळजळ होते, अशा माणसाला सुंठ-मिरीच्या तिखट काढ्यापेक्षा हा जास्त मानवतो. मला वाटतं, सरसकट सगळ्या खोकल्यांना आलं-मिरं घालणाऱ्या आपल्या सवयीला अडुळशाने थोडी मुरड घालायला हरकत नाही.

कोरड्या ढासेला, ज्यात कफच नाही आणि घसा खरखरतो, तिथे नुसत्या अडुळशाचा फारसा उपयोग जाणवत नाही. तिथे कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, तोंडात ज्येष्ठमधाचा लहान तुकडा हे आधी करा. अर्थात रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमधही जपूनच घ्यावं. रोज घेतलं तर ते रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं.

पानं तोडणं

कोवळी, पोपटी पानं नकोत आणि पिवळी पडायला लागलेलीही नकोत. शेंड्यापासून तिसऱ्या-चौथ्या जोडीची, पूर्ण वाढलेली, गडद हिरवी पानं घ्या. रस्त्याकडेची, गटाराजवळची, फवारणी होणाऱ्या बागेच्या बांधावरची पानं घेऊ नका. अडुळशाचं कुंपण नेमकं अशाच ठिकाणी असतं, त्यामुळे हे पाळायला जरा जड जातं, पण पाळा. देठापाशी कात्रीने कापा, ओरबाडू नका. वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजू चोळून धुवा. खालच्या बाजूला, शिरांच्या कडेने धूळ आणि कोळ्याची जाळी बसलेली असते.

जास्तीची पानं वाळवायची असतील तर सावलीत, एकेरी पसरून, वारा लागेल अशी ठेवा. हातात घेतल्यावर कुरकुरीत तुटली की वाळली. हिरवा रंग टिकला पाहिजे. काळी पडली किंवा बुरशीचा वास आला तर टाकून द्या. कोरड्या काचेच्या बरणीत, वर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी संपवा.

रस काढणं

नवखा माणूस इथे हमखास अडतो. अडुळशाचं कच्चं पान खलबत्त्यात कितीही कुटा, मिक्सरमधून फिरवा, रस निघत नाही. हिरवा, चरबरीत लगदा होतो आणि पिळल्यावर दोन थेंब पडतात. मग लोक त्यात पाणी घालतात, आणि मात्रा किती झाली हे कुणालाच कळत नाही.

पान आधी गरम करावं लागतं. वैद्यकात यासाठी पुटपाकाची पद्धत आहे: कुटलेल्या पानांचा गोळा मोठ्या पानांत गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा, आणि माती लालसर झाली की आतला गोळा काढून पिळायचा. घरात तेच काम मोदकपात्र करतं. दहा-बारा धुतलेली पानं चाळणीवर ठेवा, झाकण लावा, आणि पाणी उकळायला लागल्यापासून आठ-दहा मिनिटं वाफवा. झाकण काढल्यावर पानाचा रंग गडद, ऑलिव्हसारखा झालेला दिसेल. मघाशी ताठ असलेलं पान मऊ पडून बोटावर लोंबतं. आता ते गरम असतानाच खलबत्त्यात ठेचा, स्वच्छ मलमलच्या कापडात घ्या आणि पीळ देत देत पिळा. पहिल्या दोन पिळांना काही येत नाही. तिसऱ्याला कापडाच्या खालच्या बाजूला गडद हिरवट-तपकिरी थेंब जमतात आणि मग बारीक धार लागते. पानं रसदार असतील तर चहाचे दोन चमचे रस निघतो, उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

या रसात पाणी घालायचं नाही. निवला की तेवढाच मध घालून लगेच घ्या. मध घालून पुन्हा गरम करू नका. उरलेला रस उद्यासाठी ठेवू नका. रोज ताजा काढा.

काढा

रसापेक्षा हा सौम्य असतो आणि सुरुवात इथूनच करावी असं मी सांगेन. एका प्रौढ माणसाच्या दिवसभरासाठी मध्यम आकाराची पाच-सहा पानं हाताने तोडून तुकडे करा. स्टीलच्या पातेल्यात दोन कप पाण्यात घाला. मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाणी अर्धा कप उरेपर्यंत उकळा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गाळा. निम्मा सकाळी, निम्मा संध्याकाळी, जेवणानंतर, कोमट करून. वाळलेली पानं असतील तर दोन-तीन पानांचा चुरा पुरे.

कडूपणा कमी करायला खडीसाखर किंवा कपात ओतल्यावर मध चालतो. मधुमेह असेल तर गोड काहीच घालू नका, कडूच प्या. चार तुळशीची पानं, गवती चहाची एक पात, चिमूटभर सुंठ इतपत भर पुष्कळ झाली. दहा-बारा जिनसा एकत्र उकळल्या आणि पोट बिघडलं किंवा अंगावर पुरळ आलं, तर दोष कुणाचा ते शोधता येत नाही. पहिल्या वेळी निव्वळ अडुळसा घ्या.

मात्रा, आणि थांबायचं कधी

आयुर्वेदात प्रौढांसाठी ताज्या पानांच्या रसाची मात्रा साधारण १० ते २० मिलिलिटर सांगितलेली आहे. ती वैद्यांच्या देखरेखीखालची. स्वतःच्या जबाबदारीवर घेणाऱ्याने पहिल्या दिवशी ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, एकदाच घ्यावा. काही त्रास झाला नाही तर दुसऱ्या दिवसापासून तेवढाच सकाळ-संध्याकाळ. जुन्या सिरपच्या बाटलीचं खुणा असलेलं टोपण धुऊन ठेवा, मोजायला तेच बरं. "अंदाजे घोटभर" ही मात्रा नव्हे. रस किंवा काढा, दोन्हींतलं एकच घ्या.

बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्रा मी इथे मुद्दाम देत नाही. ती मुलाला तपासून वैद्यांनी द्यावी.

तीन दिवसांत कफ सुटायला लागतो. खोकला लगेच थांबत नाही, उलट पहिल्या दिवशी कफ जास्त पडतो, आणि तेच हवं असतं. पाच दिवस घ्या आणि थांबा. सवय म्हणून, "प्रतिकारशक्ती वाढावी" म्हणून, हिवाळाभर रोज घ्यायची ही गोष्ट नाही. मळमळ, उलटी, जुलाब, पोटात कळ, अंगाला खाज यांपैकी काही सुरू झालं तर त्याच दिवशी बंद करा. जास्त मात्रा गेली की उलटी-जुलाब हे पहिलं लक्षण असतं.

अडुळसा बाजूला ठेवून दवाखाना कधी

वासा उपलब्ध आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर रक्तपित्ताच्या (म्हणजे अंगातून रक्त पडण्याच्या), क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने खचून का जावं, अशा अर्थाचं एक जुनं सुभाषित वैद्यांच्या तोंडी असतं. अडुळशावरची ती श्रद्धा मला समजते. पण क्षयावर नेमकं औषध नव्हतं त्या काळातलं ते आश्वासन आहे. आज क्षयाचा जंतू माहीत आहे, साध्या क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत मिळतात. काढ्याने कफ सुटतो, बरं वाटल्यासारखं होतं, आणि आतला जंतू वाढत राहतो. तोवर घरातल्या चार माणसांना लागण झालेली असते. अडुळशाच्या वापरातला सगळ्यात मोठा धोका मला हा वाटतो, पानातल्या अल्कलॉइडपेक्षाही मोठा.

म्हणून खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासून घ्या. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर दोन आठवडे थांबूही नका. क्षयासंबंधी माहितीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-६६६६.

थुंकीतून रक्त पडलं, नाकातून रक्त थांबत नाही, पाळीत अंगावरून फार जातं, अशा तक्रारींना अडुळसा परंपरेने दिला जातो. वैद्य देतात ते तपासून देतात. तुम्ही घरी देऊ नका. आधी रक्त कुठून आणि का येतं ते कळू द्या.

दम्याच्या माणसाने पंप बंद करून अडुळसा घ्यायचा नाही. वाळलेल्या पानांची विडी ओढल्याने दमा मोकळा होतो असं पूर्वी करत. ते आता कुणी करू नये. धूर हा धूरच, तो दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला चिडवतो. बोलताना वाक्य पुरं होत नाही इतका दम लागला, ओठ निळसर पडले, छातीत दुखतं, तर १०८ ला फोन करा.

लहान मुलाच्या बाबतीत श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोट-छाती वर-खाली होते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो वेगाचा श्वास. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर काढा-चाटण काही न करता थेट दवाखान्यात न्या.

बाहेरून लावणं

हा भाग सोपा आहे. मुका मार लागून सूज आली किंवा गुडघा आखडला तर पानाला एरंडेल तेलाचं बोट लावून तव्यावर कोमट करतात आणि सुजेवर बांधतात. तव्यावरून काढलेलं पान आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. उघडी जखम, भाजलेलं, फोड फुटलेला अशा जागी लावू नका. मधुमेही माणसाच्या पायाला गरम पान बांधणं टाळा. पायाला बधिरपणा असेल तर चटका बसलेला कळत नाही.

बाटली विकत घेताना

झाड जवळ नाही म्हणून पुष्कळजण अडुळशाचं सिरप, वासावलेह किंवा वासारिष्ट आणतात. ताज्या पानापेक्षा त्यात मात्रा ठरलेली असते, ही जमेची बाजू. लेबलवर आयुर्वेदिक औषध असल्याचा उल्लेख, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी हे सगळं हवं. यादी पूर्ण वाचा: अडुळशाचं नाव मोठ्या अक्षरात असलं तरी आत दहा-पंधरा वनस्पती असू शकतात. अवलेह आणि सिरप साखरेच्या पाकात असतात. आसव-अरिष्टांत आंबवण्याने तयार झालेला थोडा अल्कोहोल असतो, त्यामुळे ती मुलांना आणि दारू सोडलेल्या माणसाला देताना विचार करावा. गर्भवतीला यातलं काहीही चालत नाही, बाटलीवर तशी सूचना छापलेली नसली तरी. लेबल नसलेली, "आमच्या गावच्या बाबांचं" म्हणून मिळणारी बाटली घेऊ नका.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींनी सामानातून वाळलेली पानं किंवा फांदी नेण्याआधी तिथले नियम बघावेत. ऑस्ट्रेलियासारखे देश वनस्पती न सांगता आणल्यास दंड करतात. तिथल्या डॉक्टरांना अडुळसा हे नाव कळणार नाही. शास्त्रीय नाव आणि व्हॅसिसीन एवढं सांगितलं की ते बघून सल्ला देऊ शकतात.

स्वतःचं झाड लावा

ओळखीचा, फवारणी नसलेला, हाताशी असलेला अडुळसा हवा असेल तर लावणं हाच खरा मार्ग, आणि तो फार सोपा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीहून थोडी जाड, ना कोवळी ना जून अशी फांदी घ्या. तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करा. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा. दोन पेरे मातीत जातील असे तिरके खोचा. सावलीत ठेवा, ओल टिकवा, पण पाणी साचू देऊ नका. महिना-दीड महिन्यात नवी पालवी धरली की मुळं आली असं समजा. पहिलं वर्ष पानं तोडू नका.

जमीन कसलीही चालते, मुरमाडसुद्धा. कुंपणाला लावायचा तर दोन-तीन फुटांवर एक. बाल्कनीत बारा-चौदा इंचांच्या कुंडीत येतो, मात्र चार तास ऊन हवं. वर्षातून एकदा, फुलं संपल्यावर, गुडघ्याइतका छाटा. नाहीतर खाली नुसती लाकडं आणि वर चार पानं असा होतो. फुलांचे दोन-चार तुरे मधमाश्यांसाठी राहू द्या.

छाटलेल्या फांद्या मागायला लोक येतात. आनंदाने द्या. देताना फांदीला एक चिठ्ठी बांधा: अडुळसा, तोडल्याची तारीख, "गरोदर बाईला आणि पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासावी." बॉलपेनने लिहा, शाईच्या पेनाने नको. पानं ओली असतात.